नवरीची उंची

गोदाकाठच्या फुलबाजारातली ती बाई झेंडूच्या ढिगाला मोबाईल टेकवून पिक्चर बघत हार ओवायची. नजर पिक्चरवर, तरी सुई कधी बोटाला लागली नाही. मुलीच्या साखरपुड्याचे हार सांगायला गेलो, तेव्हा पिक्चरमधली दोघांवर जीव जडलेली हिरोईन कुणाला निवडू म्हणून ढसाढसा रडत होती.

“बिचारी!” मी म्हणालो.

“कसली बिचारी? तिला इचारलं तरी. मला तर नवरा मांडवातच दिसला.” तिने दातांनी दोरा तोडला. “हार केवढा ओवू? नवरी किती उंच हाय, भाऊ?”

मी उंची लगेच सांगितली. मुलगी दोन दिवस जेवली नव्हती. का, ते मी तिला विचारलं नव्हतं. उत्तर मला माहीत होतं.