सावडीबाहेरची आवणी

आषाढात इथे चांदे गावात सकाळी खिडकी उघडली की आधी दृश्य येत नाही, वास येतो. चिखलणी केलेल्या भातखाचरांचा, कुजत्या गवताचा, भिजलेल्या बांधांचा तो गार, जडसर वास. आणि त्याच्या मागोमाग धुक्यातून सावकाश वर येणाऱ्या हिंजवडीच्या काचेच्या इमारती. मी परभणीकडची, जिरायती मुलखातली. माणसं उभ्या पाण्यात वाकून पीक लावतात, हे मला इथे भाड्याने राहायला आल्यावरच कळलं. सुरुवातीला मी त्या वासाने खिडकी लावून घेत असे. आता तो आला नाही तर चुकल्यासारखं होतं.

माझ्या घरमालकीण हिराकाकू. खोल्यांचं भाडं येतं, तरी भात लावल्यावाचून त्यांचा पावसाळा साजरा होत नाही. रोपं उपटून खाचरात लावायची, ती आवणी; आणि ती होते सावडीने. आज साऱ्यांनी तुझ्या खाचरात राबायचं, उद्या माझ्या. आलेल्या हाताची फेड हातानेच करायची, हा नियम कुठेही लिहिलेला नाही, पण तो मोडायची कुणाची छाती नाही. यंदा मात्र गावाने एका घराला सावडीतून वगळलं. नामदेव हा काकूंचा चुलत दीर. त्याने रस्त्याकडेचा तुकडा प्लॉटवाल्याला विकला आणि त्याबरोबर साऱ्यांची शेतात जायची वाटही गेली. आता प्रत्येकाला ओढ्याला वळसा घालावा लागतो. त्याच्या बायकोचा हात मोडलेला, मुलगी सासरी, मजूर सारे बांधकामांवर. पैसा होता, पण माणूस मिळेना, आणि तिकडे वाफ्यातली रोपं जून होत चालली होती. जून रोपाला फुटवा धरत नाही. आणखी थोडे दिवस गेले असते तर त्याचं खाचर वर्षभर रिकामं राहिलं असतं. “भोगू दे की त्याच्या कर्माची फळं!” असं जो तो म्हणे. सगळ्यांत मोठा आवाज हिराकाकूंचा.

कर्म हा शब्द आपण किती सैल हाताने वापरतो! दुसऱ्यावर संकट आलं की ते त्याचं कर्म, आपल्यावर आलं की निव्वळ दुर्दैव. आमच्या घरी बुद्धवंदना होई, आणि ‘मागल्या जन्माचे भोग’ हे शब्द वडील उंबऱ्याच्या आत येऊ देत नसत. त्या शब्दांनी पिढ्यान्‌पिढ्या माणसांना गावकुसाबाहेर ठेवलं, असं ते आवाज न चढवता सांगत. बुद्धाच्या विचारातलं कर्म म्हणजे कुणी सुनावलेली शिक्षा नव्हे. कृतीमागची चेतना, म्हणजे हेतू, तेच कर्म. हात हलण्याआधी मन हलतं, ते कुठे हलतं तेवढं पाहत जा, एवढीच त्यांची शिकवण. मला ती पटे. पण पटणं निराळं आणि ऑफिसात बसून पाळणं निराळं! तिथे कुणाला मदत करायची म्हटली की, हे वरिष्ठांच्या नजरेस पडेल ना, हा विचार बोटांच्या आधी कीबोर्डवर जाऊन बसतो. राजीनामा दिलेल्या सहकाऱ्याचा फोन आपण किती तत्परतेने उचलतो? जो उद्या उपयोगी पडणार नाही, त्याच्यासाठी आपल्यापाशी सहसा वेळ नसतो.

काकूंची आवणी शुक्रवारी उरकली. शनिवारी त्यांनी खुशाल लोळावं, तर त्या कासोटा खोचून, डोक्यावर प्लास्टिकचा कागद घेऊन पुन्हा निघालेल्या. मला सुट्टी होती. “येतीस का?” एवढंच म्हणाल्या. ओढ्याचा वळसा घेत, वाट विकणाऱ्याच्या नावाने शिव्या ऐकत मी त्यांच्यामागून गेले, आणि पाहते तो काय, आम्ही थेट त्या वाट विकणाऱ्याच्याच बांधावर!

नामदेव एकटाच वाकून लावत होता. काकूंनी त्याच्या बोलावण्याची वाट पाहिली नाही. रोपांची जुडी उचलली आणि पाण्यात उतरल्या. तोंडाचा पट्टा चालूच होता: “आमच्या पायाखालची वाट इकलीस, लाज न्हाई वाटली?” आणि हात? हात रोपामागून रोप इतक्या हळुवारपणे बसवत होते, की हे वैऱ्याचं शेत आहे हे त्यांना जणू कुणी सांगितलंच नव्हतं. माझी ओळ वाकडी जात होती, त्यावरूनही मी बोलणी खाल्ली. नामदेवची बायको बांधावर उभी होती, हात गळ्यात बांधलेला. तिच्या डोळ्यांना धार लागली होती, आणि खरं सांगते, माझेही डोळे भरून आले. दिवस मावळेतो मोठं खाचर हिरवं झालं. वरचं लहान तेवढं राहिलं.

निघताना नामदेव पहिल्यांदाच बोलला, तेही चिखलाकडे पाहत. “वैनी, तुमची आवणी तर कालच झाली. आता मी हे फेडू कसं?”

“म्हणून तर आज आले,” काकू म्हणाल्या. “परवा आले असते, तर तुला फेडाया लागलं असतं.”

ओढ्यावर पाय धुताना मी भीतभीत विचारलं, राग गेला का? त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी काहीतरी खुळ्यासारखं बोलले होते. “राग हाय की. लई हाय. मी न्हाई बोलायची त्याच्याशी. पर रोपानं काय केलंय?” आधी मन निर्मळ व्हायचं आणि मग हातून कुशल कर्म घडायचं, असा माझा आजवर समज होता. इथे तर मन संतापलेलं, आणि तरी हात चांगलं करून मोकळे झालेले! पण मग आपली आवणी उरकेपर्यंत मुद्दाम थांबायचं, त्याच्यावर फेडीचं ओझं पडू द्यायचं नाही, हे ठरवलं कुणी? मनानेच ना? शिव्यांच्या खाली, रागाच्याही खाली, कुणालाही न सांगता ते आधीच त्या बांधावर जाऊन उभं राहिलं होतं. वडील असते तर त्यांना हे सांगायला मला फार आवडलं असतं.

रविवारी सकाळी अंगणातून नामदेवच्या नावाने शिव्या ऐकू आल्या, तशी मी हसतच उठले. वरचं लहान खाचर राहिलं होतं. काकू निघाल्या होत्या.