चेअरमनच्या गाडीची आंघोळ

शहादेवची आणि त्या गाडीची पहिली भेट झाली तेव्हा गाडी हवेत होती. धारूरच्या डोंगराखालच्या त्या वस्तीत गाडी म्हणजे लोखंड, एवढंच लोकांना ठाऊक. म्हणून ट्रॉलीवरची नुसती बॉडी उतरवायला आठ गडी लागले. सगळ्यांनी छात्या फुगवल्या, आरोळी ठोकली आणि असा हिसका दिला की गाडी थेट बाभळीच्या शेंड्याला लागली आणि टपावर कावळ्याचं घरटं घेऊनच खाली आली. गाडी फायबरची होती. कुत्री शिवार ओलांडून पळाली. शेजारच्या म्हाताऱ्या दगडाबाईनं विमान समजून हात जोडले.

गाडी साखर कारखान्याचे चेअरमन सुंदरराव यांची. शहादेव त्याच कारखान्यात रंगारी, पण हंगामी. गाळप चालू तोवर हजेरी, बॉयलर थंडावला की घरी. बारा वर्षं तो कायम होण्याची वाट बघत होता, आणि वाट बघून इतका थकला होता की जांभई द्यायलाही भिंतीला टेकायचा.

"सभासदांच्या सभेला मी ह्याच गाडीतून उतरणार," चेअरमन म्हणाले होते. "आरशावानी कर. तुला कायम केलाच समज."

कारखान्याच्या शेडला कुलूप, म्हणून काम घरासमोर, छपराखाली. पहिल्या दिवशी शहादेवनं बॉडी कोरडीच घासली. फायबरचं कुसळ ज्वारीच्या कुसळाहून बारीक. ते गोधड्यांत शिरलं, पिठात शिरलं. घरदार खाजवू लागलं. म्हैससुद्धा खुंट्याला पाठ घासू लागली. तेव्हा पॉलिश पेपर ओला करूनच घासणं भाग होतं. आणि साल होतं शहाऐंशीचं, दुष्काळाचं. टँकर आठवड्यातून एकदा यायचा, तोही आला तर.

"आवो, माणसाला प्यायला न्हाई अन् ह्या टमरेलाला आंघोळ?" मुक्ताबाई, त्याची बायको, कडाडली.

"थोडंच लागंल, मुक्ते."

"थोडं म्हंजे कुणाच्या तोंडचं?"

शेवटी शहादेवनं तोड काढली. त्या घरात माणसं घमेल्यात बसून आंघोळ करत आणि खाली साचलेलं पाणी म्हशीला जाई. ते त्यानं म्हशीकडून काढून घेतलं. खाचाखळग्यांत लांबी भरली, घासली. अस्तर मारलं, पुन्हा घासलं. खांदे उतरले, बोटांची सालं गेली. मग एका सकाळी वारा पडलेला बघून त्यानं पांढरा रंग फवारला.

रंग बसला आणि लगेच मागं सरकला. जागोजागी गोल गोल भोकं पडली, जशा गाडीला देवी निघाल्या असाव्यात. शहादेवनं बोट फिरवून वास घेतला. करडईचं तेल! आणि साबण!

मुक्ताबाई गाडीभोवती फिरली.

"हे दार माझं दिसतंय. त्या दिशी डोस्क्याला लई तेल थापलं व्हतं."

"अन् टप?"

"टप तुमचा. साबण चोपडता, धूत कुटं न्हाई."

शहादेव हसला नाही. तो खाली बसला. सगळा रंग पुन्हा उतरवायचा होता आणि सभा परवावर आली होती.

"ऱ्हाऊ दे, मुक्ते. हंगामीच मरतो मी."

मुक्ताबाई आत गेली. प्यायच्या पाण्याचा तांब्याचा हंडा तिनं कमरेवरून आणून त्याच्यापुढं ठेवला.

"घासा."

"अगं, पिशील काय?"

"तुमी कायम झाल्यावर पिऊ."

त्यानं पाणी चुळीचुळीनं वापरलं. उजवा हात उचलेना, तेव्हा डाव्यानं घासलं. सभेच्या आदल्या दिवशी गाडी अशी चमकली की न्यायला आलेल्या चेअरमनना बॉनेटमध्ये स्वतःच्या मिशा दिसल्या, आणि तिथंच वाकून त्यांनी त्या नीट केल्या.

रातोरात बॉडी इंजिनावर चढली, दुसऱ्या दिवशी ते त्या गाडीतून सभेला उतरले आणि शिवारात ऊस नसल्यामुळं यंदा कारखाना बंद ठेवण्याचा ठराव त्यांनी मांडला. ठराव मंजूर झाला. शहादेव पुढं बऱ्याच वर्षांनी निवृत्त झाला, हंगामी म्हणूनच.