पडीक जमिनीवरचा भात

मंत्रालयाला लष्कराची छावणी समजून कारभार करणारा माणूस अख्ख्या महाराष्ट्रात एकच झाला, आणि तो मंगळवार पेठेत माझ्या शेजारी राहत होता. सुभेदार म्हणून फौजेतून निवृत्त झाले, नव्वदच्या दशकात आमदार झाले, पुढे जमिनीच्या खात्याचे राज्यमंत्रीही झाले. पण गल्लीत त्यांना 'साहेब' म्हटलेलं खपत नसे, 'सुभेदार'च म्हणायचं. पहाटे शिट्टी फुंकत ते पळत सुटत आणि त्यांचे अंगरक्षक पोट सावरत मागून धापा टाकत. तांबडा रस्साही उभ्यानेच भुरकत, कारण बसून जेवलेला माणूस सुस्तावतो हे त्यांचं ठाम मत. जमिनीचा तंटा आला की सुनावणी थेट बांधावर. "जमीन फायलीत नसती मास्तर, पायाखाली असती!" असं मला दरडावत, मी शाळामास्तर असूनही.

चंदगडकडच्या एका बौद्ध वस्तीला घरं मोडायची नोटीस आली, तेव्हा मलाही जीपमध्ये कोंबून घेऊन गेले. माणसं पिढ्यान्‌पिढ्या तिथे राहत होती, सरकारी कागदावर मात्र ती जमीन रिकामी आणि पडीक. पाऊस असा, की अधिकारी गाडीतून उतरेनात. सुभेदारांनी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि गरजले, "उतरा खाली! पाऊस हाय, गोळ्या न्हाईत!" पहिल्याच घरात एक म्हातारी चुलीवर भात शिजवत होती. सुभेदार चक्क मांडी घालून बसले. "वाढ आक्का. ह्यास्नीबी वाढ." अधिकारी निथळत पंगतीला बसले. ताटं रिकामी झाल्यावर सुभेदारांनी विचारलं, "पडीक जमिनीवरचा भात कसा लागला?" नोटीस तिथेच मागे घेतली गेली, पुढे घरांच्या जागाही वस्तीच्या नावावर झाल्या. परतताना सुभेदार बेसूर गात होते आणि मीही लाज सोडून त्यांना साथ दिली. इतका आनंद मला स्वतःच्या लग्नातही झाला नव्हता.

पुढच्या निवडणुकीत ते पडले. पेठ सुतकात, आणि हे पेढे वाटत फिरतायत! एके दुपारी तीच म्हातारी सुभेदारांना शोधत आली.

"सायेब, हारलासा म्हणं. सरकारनं बंगला काडून घेतला?"

"घेतला की, मुंबईचा."

म्हातारी कळवळली. "मग चला की माज्या घरात. तितनं आता कोण उठवत न्हाय."

ती उभी होती तो ओसरीचा सोपा सुभेदारांच्या स्वतःच्या घराचाच. पण तसं तिला सांगायचा धीर आम्हा दोघांनाही झाला नाही.

"येतो की आक्का," एवढंच म्हणाले. आणि चार दिवसांनी खरंच पिशवी घेऊन चंदगडच्या एसटीत बसले. स्टँडवर त्यांना निरोप द्यायला मी एकटाच होतो.