घटस्थापनेला घेतलेलं डोमेन

आमच्या गावच्या तलावात मासेमारी करणाऱ्या घरांची एक सोसायटी आहे. माझे मामा तिचे अध्यक्ष. आमच्या नात्यात मी पहिली पदवीधर. बारावीचा अभ्यास मी सोसायटीच्या खोलीत केला. तिथला एकुलता एक पंखा मामांनी माझ्या टेबलाकडे वळवून दिला होता. म्हणून नागपूरच्या एका हॉटेल कंपनीने थेट मासळी घेण्यासाठी ईमेलवर दर मागवले आणि ते काम माझ्याकडे आलं, तेव्हा मला धन्य वाटलं. सौदा जमला तर मामांचा मुलगा हैदराबादला बांधकामावर जाणार नव्हता.

ईमेल संस्थेच्या स्वतःच्या नावाचा हवा, अशी अट होती. त्यासाठी डोमेन, म्हणजे इंटरनेटवरचं नाव, विकत घ्यावं लागतं. पितृपक्ष नुकताच लागला होता. मी घ्यायला बसले तर मामा म्हणाले, "पितरायच्या दिवसात नवी वस्तू कायले घेऊन राहिली वो? घट बसले का घेऊ."

"मामा, हे काय लुगडं आहे?"

"नाव आहे ना बाई. लुगड्याहून मोठं."

घटस्थापनेला नारळ फोडून आम्ही नाव घेतलं. मामीने लॅपटॉपला हळदकुंकू लावलं. दर पाठवायची मुदत दसऱ्यापर्यंत होती. दर पाठवले, पुन्हा पाठवले. उत्तर नाही.

दसऱ्यानंतर मी फोन केला. तिथला संगणक सांभाळणारा माणूस नीट बोलला. गेल्या पंधरा दिवसांत नोंदवलेल्या डोमेनवरून आलेला मेल त्यांच्याकडे आपोआप स्पॅममध्ये जातो. फसवणारे रोज नवं नाव घेतात, वापरतात, टाकून देतात. आमचं नाव दसऱ्याला जेमतेम दहा दिवसांचं होतं; पितृपक्ष लागताच घेतलं असतं तर पंधरा कधीच उलटले असते. ऑर्डर दुसऱ्यांना गेली होती. मी भांडले नाही. त्याच्या जागी मीही हाच नियम ठेवला असता.

मामांनी सगळं ऐकून विचारलं, "मंग आधीच घेतलं असतं तं?"

जेवता जेवता त्यांच्या मुलाने मान वर केली.

"तरी नसतं झालं," मी म्हटलं.

"हं. दिवसच चांगला नसन लागला. पुढल्या साली भटजीले इचारून घेऊ."

त्याच आठवड्यात मुलगा हैदराबादला जायला पवनीच्या बसने निघाला. मामांनी त्याची पेटी टपावर चढवू दिली नाही. शेजारच्या सीटवर ठेवायला लावली. बस हलली तरी ते खिडकीपाशी चालत राहिले. मी मागे उभी होते, आणि मला त्यांना हाक मारता येईना.