गंगूबाईकडचं पान

सुनेनं आज वांग्याच्या बियांची पुडी सोडली आणि राखेचा कोरडा वास आला. मला मायच्या पुड्या आठवल्या.

स्वातंत्र्याच्या आधीची गोष्ट. आसेगावच्या मळ्यात भाजी पिकवता पिकवता मी बागाईतीचं पुस्तक लिहायला घेतलं होतं. पण चार बुकं शिकलेल्या माळ्याचं कोण वाचणार, या विचारानंच मी दमून गेलो. एका दुपारी सगळी पानं चुलीपाशी फेकून दिली. मायला वाचता येत नव्हतं. कागद वाया जाऊ नये म्हणून तिनं त्यांत कीड टाळायला राख लावलेलं वांग्याचं बी बांधलं आणि दरवर्षीसारखं शेजारीपाजारी वाटलं.

दीड महिन्यानं शेजारच्या मळ्यातली गंगूबाई बांधावर येऊन उभी राहिली.

"भाऊ, जावयानं पुडीचा कागद वाचून दाखवला. तसंच रोप टाकलं, चांगलं आलं. पन लावल्यावर पानी कवा द्याचं, ते त्यात नाही. पुढचं पान कुठी हाय?"

पुढचं पान मी लिहिलंच नव्हतं. "लिहून राह्यलो," असं खोटंच सांगितलं, आणि मग लिहावंच लागलं.

पुस्तक पुरं झाल्यावर छापायला द्यायचं म्हणून वाटलेली पानं गोळा केली आणि शेवटी तिच्याकडचं पान परत मागायला गेलो. तिनं जावयाकडून त्याची नक्कल करून दिली, पान दिलं नाही.

"तुह्या मायनं सांगतलं मले. तू पुन्हा चुलीपाशी फेकशीन."

तेव्हा मला राग आला होता. आता घरात त्या छापील पुस्तकाची एकही प्रत उरलेली नाही. उरलं असेल, तर गंगूबाईकडचं ते पानच.