तिची झोप

ऐंशी सालाच्या आसपास मी वर्ध्याच्या एका दवाखान्यात नर्स होते. क्वार्टरमध्ये माझ्या खोलीत केळझरकडची एक सिस्टर राहायची. आम्हा दोघींना महिन्यातून एक आठवडा रातपाळी असे. सकाळी खोलीवर आलो की ती चहा प्यायची, भिंतीकडे तोंड करायची आणि घोरायला लागायची. मी मात्र छताकडे बघत पडून राही. दुपारी चारच्या सुमारास माझी छाती धडधडू लागे, तळहात ओले होत. वाटे, आपण कुणाला तरी चुकीचं इंजेक्शन दिलं. दोनदा तर मी धावत वॉर्डात जाऊन रजिस्टर तपासलं. चूक नव्हतीच.

राग यायचा तो तिचा. एका दुपारी मी तिच्या खाटेजवळ मुद्दाम बादली आपटली. तिनं एक डोळा उघडला.

“काय झालं वो ताई?”

“हातातून सुटली.”

“बरं,” म्हणून ती पुन्हा झोपली. मला रडूच आलं.

शेवटी मी आमच्या डॉक्टरीणबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, “रोग्यांचा तक्ता भरतेस ना? तसाच महिनाभर स्वतःचा भर.” मी नाडी, झोप, धडधड सगळं वेळेसकट लिहिलं. रातपाळीत आणि नंतरचे चार-पाच दिवस नाडीची रेघ चढलेली होती, एरवी सरळ. बाई म्हणाल्या, “काळीज धड आहे तुझं. झोपेची वेळ उलटली की तुझं शरीर घाबरतं. काहींचं नाही घाबरत.”

काहींचं म्हणजे कुणाचं, ते मला ठाऊक होतं.

तक्ता उशाशीच पडला होता, तो तिनं उचलून वाचला. “एवढा तरास होऊन राह्यला त सांगतलं काऊन नाई? तुमच्या रातपाळ्या मले द्या. मेट्रनले मी सांगतो. मले त कुठंई झोप लागते.”

मला नको म्हणायचं होतं. तिचे उपकार तर मुळीच नको होते. पण मी मान हलवली.

मेट्रननं कुरकुर करत बदल मान्य केला. दोन महिन्यांत माझी धडधड थांबली. मी वेणी घालून ड्यूटीला निघे तेव्हा ती दुप्पट रातपाळ्या करून परत येई आणि पाच मिनिटांत गाढ झोपे. देवानं तिला झोप दिली होती, वर इतकं मोठं मनही दिलं होतं. आता मला दोन्हींचा हेवा वाटू लागला.