नातवाची ओटी

परभणीजवळच्या पिंगळीत एक म्हातारा राहायचा, त्याची एक म्हातारी होती, म्हणजे मी, आन आईबापामागं आमीच वाढविलेली एक नात होती, मनीषा. ती पुण्याला कामाला गेली आन नातू होऊन आली. बघा, सुरुवातीलाच चुकले. आला. मनोज आला.

आता काय सांगू तुमाला, माझी काय गत झाली. यायच्या आदीच त्यानं फोनवर सांगितलं होतं, "आजी, मी आतून लहानपणापासून पोरगाच हाय. मला आरं म्हण, तो म्हण. तू अगं म्हणलीस की लय लागतंय जिवाला."

मी भ्याले. इतक्या वर्सांची जिभेची सवय, ती एका दिवसात सुटती का? चुकून अगं म्हणले आन लेकरू कायमचं गेलं तर? मग ठरविलं, बोलायचंच न्हाई.

तो म्हणायचा, "आजी, कशी हायस?" मी मान हलवायची. चहा दिला, मुक्यानं. भाकर वाढली, मुक्यानं.

शेजारची गोदा भिंतीवरून म्हणाली, "म्हातारीच्या अंगावरून वारं गेलं का काय?"

आमचे मालक म्हणाले, "वारं कशाचं? राग धरलाय तिनं."

ते मनोजनं ऐकलं. सकाळी पिशवी भरली. "जातो आजी. तुला मी नको झालोय. आता न्हाई यायचा."

बोलावं तर जिभेचं भ्या, न बोलावं तर लेकरू चाललंय. म्हणलं, तोंडाचं काम हातानं करू. ताट आणलं. हळदकुंकू लावलं. नारळ घेतला, खण घेतला, ओंजळभर तांदूळ घेतले, आन सवयीनं बोलून गेले, "धर पदर."

पदर कुठला? समोर शर्ट. गड्यामाणसाला टोपी-टावेल द्यायचा सोडून मी ओटी भरायला निघाले होते. इतके दिस तोंड सांभाळलं, आन शेवटी हातांनी घात केला.

मनोजनं शर्टाचा घोळ पुढं धरला.

"घाल, आजी. रागावलेलं माणूस ओटी भरत नसतंय. ज्यानं परत यावं वाटतं त्याचीच भरतंय."

"आरं, मला भ्या वाटायलं होतं रे. चुकंल म्हणून."

"मंग चूक की. मी सांगत जाईन. पण बोल."

त्याची गाडी त्याच्याबिगर गेली. आता परभणीतच काम धरलंय त्यानं, रोज जेवायला घरी. मी बोलते, चुकते, तो हसून सांगतो, मी परत बोलते.

मालक तेवढे अधूनमधून इचारतात, "पुन्हा कधी भ्यायची हायेस? लय शांत होतं घर."